मॉड्युल मुकं, सेन्सर खोटा: बिघाड शोधायला सुरुवात कुठून करायची?

अर्डुइनो किंवा ईएसपीच्या बोर्डावर स्केच, म्हणजे त्याचा प्रोग्रॅम, अपलोड झालं, एकही एरर नाही, आणि सीरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या संगणकावरच्या खिडकीत) खोलीचं तापमान दिसतंय उणे १२७. किंवा दोन रेडिओ मॉड्युल टेबलावर हातभर अंतरावर आहेत आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. अशा वेळी नवखा माणूस हमखास कोडला हात घालतो. एक लायब्ररी (तयार कोडचा संच) काढून दुसरी टाकतो, पिन नंबर बदलतो, मग कुठून तरी मिळालेलं तिसरंच स्केच चढवतो. तासाभराने मुळात काय चालत होतं आणि काय नव्हतं हेच सांगता येत नाही. साप साप म्हणून भुई धोपटायचा हा प्रकार.

लायब्ररीसोबत आलेलं जे उदाहरण इतरांकडे निमूट चालतं, ते तुमच्याकडे चालत नसेल तर दोष बहुतेक वेळा कोडमध्ये नसतो. तो वीज, ग्राउंड, सोल्डर किंवा एखाद्या वायरीत असतो. म्हणून इथला क्रम विजेपासून सुरू होतो आणि कोडपाशी सगळ्यात शेवटी येतो. हाताशी एक साधा डिजिटल मल्टिमीटर, थोडे जास्तीचे जंपर, १, २, ४.७ आणि १० किलोओहमचे रेझिस्टर आणि १० व १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असले की पुरे. लॉजिक अ‍ॅनालायझर असला तर छानच, पण त्याच्यावाचून काही अडत नाही.

पायरी १: प्रोजेक्ट सुटा करा

चालू नसलेल्या प्रोजेक्टमध्ये डिस्प्ले, रिले, दोन सेन्सर आणि रेडिओ असं सगळं एकत्र असेल तर बिघाड शोधणं अशक्य नाही, पण उगाच अवघड आहे. स्केच वेगळ्या नावाने जतन करून ठेवा. बोर्डावरून सगळं काढा. ज्याच्यावर संशय आहे तो एकच भाग जोडा आणि त्याच्या लायब्ररीतलं सगळ्यात छोटं उदाहरण, एक अक्षरही न बदलता, चढवा. पिन नंबर मात्र तुमच्या जोडणीप्रमाणे हवेत.

एकटा चालला, तर तो भाग आणि त्याची जोडणी ठीक आहे. मग एकेक करून बाकीचे भाग परत जोडा. ज्याला जोडल्यावर गाडी रुळावरून घसरते, त्याच्याशी भांडण आहे: पिनचं, अ‍ॅड्रेसचं, टायमरचं किंवा विजेचं. एका वेळी एकच बदल, हा नियम कंटाळवाणा आहे. तरी पाळा.

पायरी २: मीटर लावण्याआधी डोळे लावा

नवख्यांच्या बाबतीत पहिला संशयित ठरलेला आहे: सोल्डर न केलेल्या हेडर पिना. मॉड्युलसोबत पिनांची पट्टी सुटी येते. ती भोकांत नुसती खोचली की मॉड्युल नीट बसल्यासारखं वाटतं, बोटाने दाबलं तर चालतंही, आणि हात काढला की बंद. पिन भोकाच्या कडेला टेकली तर संपर्क, नाही टेकली तर नाही. यावर सोल्डरिंगशिवाय इलाज नाही. टेप, क्लिप, तिरकी करून बसवणं हे सगळं वेळ घालवणं आहे.

मग ब्रेडबोर्ड. लांबलचक ब्रेडबोर्डांत कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या काही वेळा मध्यावर तुटलेल्या असतात. रंगीत रेघेत मध्ये खंड दिसला तर डाव्या अर्ध्यातली वीज उजव्या अर्ध्यात पोचत नाही, तिथे जंपर टाकावा लागतो. जंपर वायरी बाहेरून धडधाकट आणि आतून तुटलेल्या असू शकतात. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, दोन टोकं धरा, वायर थोडी वाकवा. बीप अडखळला तर ती वायर सरळ कचऱ्यात टाका. परत डब्यात ठेवलीत तर पुढच्या वेळी तीच हाती लागेल.

पिनांवरची नावं वाचा, आठवणीवर जाऊ नका. चार पिनांच्या छोट्या ओलेड डिस्प्लेंत काहींवर ग्राउंड आधी आणि व्हीसीसी (वीज घेणारी पिन) नंतर असतं, काहींवर नेमकं उलट. दिसायला दोन्ही सारखे. नोडएमसीयू या ईएसपी८२६६ च्या बोर्डावर छापलेला डी१ म्हणजे जीपीआयओ (चिपचा स्वतःचा पिन नंबर) ५ आणि डी२ म्हणजे जीपीआयओ ४. स्केचमध्ये नुसतं १ किंवा २ लिहिलंत तर भलत्याच पिनेशी बोलणं सुरू होतं.

आणि बोर्ड संगणकाला दिसतच नसेल तर यूएसबी केबल बदला. काही केबलींत फक्त चार्जिंगच्या दोन वायरी असतात, डेटाच्या नसतातच.

पायरी ३: वीज, आणि पुन्हा वीज

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. वायरलेस मॉड्युलच्या तक्रारींत निम्म्याहून अधिक इथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

व्होल्टेज मोजायचं ते सप्लायपाशी नाही, मॉड्युलच्या पायांपाशी. लाल प्रोब मॉड्युलच्या व्हीसीसीवर, काळी मॉड्युलच्याच ग्राउंडवर. सप्लायपाशी ३.३ आणि मॉड्युलपाशी २.९ आलं तर मधल्या वायरीने किंवा ब्रेडबोर्डने बाकीचं खाल्लं.

पण मल्टिमीटरवर ३.३ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. मीटर सरासरी दाखवतो. रेडिओ प्रसारण करतो तेव्हा काही मिलिसेकंदांसाठी करंट एकदम उसळतो आणि व्होल्टेज तेवढ्यापुरतं कोसळतं. हा खड्डा मीटरला दिसत नाही, चिपला मात्र बरोबर जाणवतो.

एनआरएफ२४एल०१ हे रेडिओ मॉड्युल याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. साध्या छोट्या मॉड्युलला प्रसारणाच्या वेळी पूर्ण ताकदीवर ११ ते १२ मिलिअँपिअर लागतात, म्हणजे काहीच नाही. त्याचाच लांब अँटेनावाला भाऊ, ज्यावर पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आहे, तो शंभराच्या वर जातो. अर्डुइनो उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेतून अधिकृतपणे ५० मिलिअँपिअर घ्यायचे असतात. हिशोब इथेच फसतो. लक्षण ओळखीचं आहे: मॉड्युल सुरू होतं, सेटिंग बरोबर वाचून दाखवतं, ऐकतंही, पण पाठवायला गेलं की पडतं. अशा मॉड्युलला ५ व्होल्टवरून वेगळा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर द्या. खास त्यासाठी मिळणारा अडॅप्टर बोर्डही चालतो.

छोट्या मॉड्युललाही व्हीसीसी आणि ग्राउंडच्या अगदी पायांशी १० ते १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. रेडिओने एकदम ओढलेला करंट लांबच्या सप्लायऐवजी हा शेजारचा साठा पुरवतो. इलेक्ट्रोलिटिक असेल तर पट्टीची बाजू ग्राउंडला. लांब वायरीने ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या टोकाला लावलेला कपॅसिटर जवळपास निरुपयोगी.

ईएसपी८२६६ आणि ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपांची भूक आणखी मोठी. वायफायच्या उसळीत ३०० मिलिअँपिअरच्या पुढे जाऊ शकतात, म्हणून सप्लाय निदान ५०० मिलिअँपिअरचा धरा. ईएसपी३२ स्वतःच ओरडून सांगतो: सीरियलवर ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’ आलं की व्होल्टेज पडलं. हा संदेश कोडमधून बंद करायची युक्ती सगळीकडे सापडते. ती वापरू नका. धुराचा अलार्म वाजला म्हणून अलार्मची बॅटरी काढण्यासारखं ते आहे. केबल आखूड आणि जाड घ्या, सप्लाय बदला, कपॅसिटर लावा. ईएसपी८२६६ चं सुटं मॉड्युल यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरच्या ३.३ व्होल्टवर चालवत असाल तर ते सारखं रीसेट होणार, यात नवल नाही.

सर्वो, मोटर, रिले यांना बोर्डाच्या ५ व्होल्टवरून वीज देऊ नका. एमक्यू मालिकेतल्या गॅस सेन्सरमध्ये आत हीटर असतो आणि तो एकटाच दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, हेही हिशोबात धरा. वेगळा सप्लाय दिलात की दोन्ही सप्लायचे ग्राउंड एकमेकांना जोडायलाच हवेत. ग्राउंड सामायिक नसेल तर सिग्नलला अर्थच उरत नाही, कारण ‘किती व्होल्ट’ हे कशाच्या तुलनेत, हेच ठरत नाही. आकडे अधूनमधून बरोबर आणि अधूनमधून वेडेवाकडे येत असतील तर आधी हा ग्राउंड तपासा.

पायरी ४: ५ व्होल्टची भाषा, ३.३ व्होल्टचे कान

उनो, नॅनो, मेगा ५ व्होल्टवर बोलतात. ईएसपी बोर्ड, बहुतेक रेडिओ आणि नवे सेन्सर ३.३ वर. पाचाचा सिग्नल तीनच्या पिनेवर गेला तर ती लगेच जळेलच असं नाही, आणि धोका तिथेच आहे. महिनाभर चालतं, मग एक दिवस पिन कायमची शून्यावर बसते.

सोपा उपाय दोन रेझिस्टरचा. ५ व्होल्टच्या पिनेपासून १ किलोओहम, तिथून मॉड्युलची पिन, आणि त्याच बिंदूपासून ग्राउंडला २ किलोओहम. मधल्या बिंदूवर ३.३ मिळतात. एचसी-०५ ब्लूटूथच्या आरएक्स (ऐकायच्या) पिनेला हेच लागतं. एचसी-एसआर०४ या अल्ट्रासॉनिक सेन्सरची इको पिन ५ व्होल्ट देते, म्हणून तो ईएसपीला जोडताना इकोवरही हेच. आयटूसीसाठी, म्हणजे दोनच सिग्नल वायरींवर अनेक भाग जोडायच्या पद्धतीसाठी, मात्र हा जुगाड चालत नाही, कारण तिथे एकाच वायरीवरून दोन्हीकडून बोलणं होतं. तिथे दोन्ही दिशांचा लेव्हल शिफ्टर घ्या.

एनआरएफ२४एल०१ इथे अपवाद आहे. त्याच्या सिग्नल पिना ५ व्होल्ट सहन करतात, पण व्हीसीसीला ३.६ च्या वर एक ठिणगीही नको.

पायरी ५: आयटूसी सेन्सर सापडतोय का?

आयटूसीवरचा सेन्सर चालत नसेल तर त्याची लायब्ररी बाजूला ठेवा आणि आधी ‘आयटूसी स्कॅनर’ चालवा. हे छोटं स्केच एकेका अ‍ॅड्रेसला हाक मारतं आणि कोण ओ देतं ते छापतं. पिना अशा: उनोवर एसडीए (डेटा) म्हणजे ए४, एससीएल (क्लॉक) म्हणजे ए५, ईएसपी८२६६ वर जीपीआयओ ४ आणि ५, ईएसपी३२ वर २१ आणि २२.

काहीच सापडलं नाही तर एसडीए-एससीएलची अदलाबदल, सोल्डर आणि वीज याच क्रमाने बघा. मग मीटरने दोन्ही वायरी मोजा. निवांत असताना दोन्हींवर पूर्ण सप्लायइतकं व्होल्टेज हवं, कारण पुल-अप रेझिस्टर त्यांना वर धरून ठेवतात. शून्याच्या आसपास असेल तर एक तर पुल-अप नाहीत, मग ४.७ किलोओहमचे दोन लावा. नाही तर कुणीतरी वायर खाली दाबून धरली आहे. दुसरा प्रकार बोर्ड अर्ध्या वाचनात रीसेट झाला की होतो: सेन्सर आपलं वाक्य पूर्ण करायची वाट बघत एसडीए खाली धरून बसतो. रीसेटचं बटण इथे कामाचं नाही, कारण सेन्सरची वीज गेलेलीच नसते. वीज पूर्ण काढून परत द्या.

स्कॅनरला सापडतोय पण लायब्ररीला नाही, तर बहुधा अ‍ॅड्रेस वेगळा आहे. एलसीडीच्या मागचा छोटा बोर्ड हेक्स (१६ च्या पायात लिहिलेल्या आकड्यात) २७ वर असतो किंवा ३एफ वर, चिप पीसीएफ८५७४ आहे की तिचा ए प्रकार यावर ते ठरतं. बीएमई२८० हा दाब, तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर ७६ किंवा ७७ वर.

दोन भाग वेगवेगळे चालतात पण एकत्र नाहीत, याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे एमपीयू६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सर आणि डीएस३२३१ घड्याळ. दोघांचाही अ‍ॅड्रेस हेक्स ६८. दोघं एकदम ओ देतात आणि डेटाचा काला होतो. एमपीयू६०५० ची एडी० पिन ३.३ व्होल्टला जोडली की तो ६९ वर जातो आणि भांडण मिटतं. स्कॅनरवर तेव्हा एकच अ‍ॅड्रेस दिसत होता, ही खूण ध्यानात ठेवा: जोडलेले दोन, सापडला एक.

वायरी लांब असतील तर वेग ४०० वरून १०० किलोहर्ट्झवर आणा. आयटूसी एका सर्किट बोर्डावर बोलण्यासाठी जन्माला आलेली आहे. चार-पाच मीटर केबल टाकून सेन्सर गच्चीवर न्यायचा विचार असेल तर दुसरा सेन्सर निवडा.

पायरी ६: चुकीचा आकडा नीट वाचा

सेन्सर ‘काहीही’ दाखवतोय असं म्हणणं सोपं आहे, पण तो नेमकं काय दाखवतोय ते लिहून काढा. बरेच चुकीचे आकडे ठरलेले असतात आणि प्रत्येकामागे वेगळं कारण असतं.

डीएस१८बी२० या तापमान सेन्सरचा उणे १२७ म्हणजे तापमान नव्हेच. सेन्सरकडून उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर तपासणीत नापास झालं, की लायब्ररी हा आकडा देते. डेटा आणि व्हीसीसीच्या मध्ये ४.७ किलोओहम आहे का बघा. नसतो म्हणूनच बहुधा हे होतं. सेन्सर बोटाला चटका देत असेल तर तो उलटा जोडलाय, लगेच काढा. तीन पायांच्या काळ्या सेन्सरची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावा पाय ग्राउंड, मधला डेटा, उजवा व्हीसीसी.

याच सेन्सरवर ८५ आलं तर गोष्ट वेगळी. वीज मिळताच त्याच्या रजिस्टरमध्ये ८५ हा आकडा भरलेला असतो आणि पहिलं मोजमाप पूर्ण झालं की खरा आकडा तिथे येतो. १२ बिटच्या अचूकतेला यासाठी ७५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे तुम्ही घाई करून आधीच वाचताय. सुरुवातीला एकदाच ८५ आलं तर सोडून द्या. पण चालू असताना अधूनमधून २६, २६, ८५, २६ असं येत असेल तर दर वेळी सेन्सरची वीज क्षणभर जातेय. परत पायरी ३.

डीएचटी११ आणि डीएचटी२२ हे तापमान-आर्द्रतेचे सेन्सर वाचन फसलं की ‘नॅन’, म्हणजे ‘आकडा नाही’, छापतात. डीएचटी२२ ला दोन वाचनांत दोन सेकंदांची उसंत लागते, डीएचटी११ ला एक सेकंदाची. चार पायांचा सुटा सेन्सर असेल तर ४.७ ते १० किलोओहमचा पुल-अप बाहेरून द्यावा लागतो. तीन पायांच्या बोर्डावर तो बहुधा बसवलेला असतो. आकडे येतात पण अशक्य कोटीतले, तर स्केचमध्ये सेन्सरचा प्रकार उलटा लिहिलाय.

बीएमई२८० आर्द्रता देतच नाही, किंवा लायब्ररी ‘सेन्सर सापडला नाही’ म्हणते, पण स्कॅनरला ७६ दिसतो? मग तुमच्या हातात बहुधा बीएमपी२८० आहे. तो फक्त दाब आणि तापमान मोजतो आणि बीएमईच्या नावाखाली सर्रास खपवला जातो. हेक्स डी० या रजिस्टरमधला चिपचा ओळख क्रमांक वाचा: ६० आला तर बीएमई, ५८ आला तर बीएमपी. इथे कितीही लायब्ररी बदलल्या तरी आर्द्रता मिळणार नाही, मोजणारा भागच आत नाही.

तापमान सतत एक-दोन अंश जास्त येत असेल तर सेन्सर बिघडलेला असेलच असं नाही. ईएसपी आणि रेग्युलेटर तापतात, आणि त्यांच्या शेजारी चिकटवलेला सेन्सर इमानदारीने त्यांचंच तापमान सांगतो. वायरीने थोडा लांब न्या.

एचसी-एसआर०४ चं शून्य म्हणजे इको परत आलाच नाही. समोर पडदा, गादी किंवा तिरका पृष्ठभाग असेल तर आवाज शोषला जातो किंवा भलतीकडे उडतो. आधी सपाट भिंतीसमोर तपासा. दोन मोजमापांत ६० मिलिसेकंद सोडा. आणि इको मोजणारं फंक्शन उत्तर न आल्यास एक सेकंद वाट बघत बसतं, त्यामुळे सगळा प्रोजेक्ट अडखळल्यासारखा वाटतो. त्याला ३०,००० मायक्रोसेकंदांची मर्यादा घाला. पाच मीटरपर्यंत जाऊन येण्याइतका तो वेळ आहे.

अ‍ॅनालॉग सेन्सर सतत १०२३ किंवा ४०९५ वर चिकटला असेल तर पिनेवर थेट सप्लाय येतोय. शून्यावर असेल तर ग्राउंड. काही न जोडता आकडे नाचत असतील तर ते नैसर्गिक आहे, उघडी पिन हवेतलं काहीही पकडते. ईएसपी३२ वर एक खास सापळा: एडीसी२ च्या, म्हणजे अॅनालॉग वाचणाऱ्या दुसऱ्या गटाच्या, पिना वायफाय चालू असताना वापरता येत नाहीत. वायफायशिवाय नीट चालणारा माती-ओलावा सेन्सर वायफाय जोडताच बंद पडला की हेच कारण. त्याला ३२ ते ३९ पैकी पिनेवर हलवा.

एमक्यू सेन्सर नवा असेल तर पहिले २४ ते ४८ तास नुसता तापू द्या. त्याआधीच्या आकड्यांवरून काही ठरवू नका. एचसी-एसआर५०१ हा हालचाल ओळखणारा सेन्सरही सुरुवातीचं मिनिटभर उगाच चालू-बंद होतो. नंतरही भुताटकीसारखा वाजत राहिला आणि शेजारी ईएसपी असेल, तर दोघांना वीतभर लांब करा. रेडिओच्या लहरींनी तो फसतो.

पायरी ७: एनआरएफ२४ची जोडी

आधी रेडिओ विसरा. बोर्ड आणि मॉड्युल यांच्यात बोलणं होतंय का, एवढंच बघा. लायब्ररीतलं ‘प्रिंट डिटेल्स’ हे फंक्शन मॉड्युलची सगळी सेटिंग परत वाचून छापतं. सगळीकडे शून्य किंवा सगळीकडे एफएफ आलं तर एसपीआयच्या (बोर्ड आणि मॉड्युल यांच्यातल्या डेटाच्या) वायरी चुकल्यात. उनोवर ११, १२, १३ या पिना ठरलेल्या आहेत. मेगावर त्या ५१, ५०, ५२ होतात आणि उनोचा आराखडा बघून मेगावर जोडणारे इथेच अडकतात. मॉड्युलच्या सीई आणि सीएसएन या पिना कुठेही चालतात, फक्त स्केचमध्ये त्याच क्रमाने हव्यात.

दोन्ही बाजूंना खरे आकडे छापले गेले की मगच हवेतलं बघा. चॅनल, डेटा रेट, अ‍ॅड्रेस, सीआरसी (चूक पकडणारी तपासणी) आणि पॅकेटची लांबी दोन्हीकडे तंतोतंत एक हवी. ऐकणाऱ्याने ऐकणं सुरू केलंय आणि बोलणाऱ्याने ते थांबवलंय ना, तेही बघा. चाचणीच्या वेळी पॉवर सगळ्यात कमी ठेवा आणि मॉड्युल एक-दोन मीटर लांब. अँटेनावाली मॉड्युल पूर्ण ताकदीवर एकमेकांना चिकटवून ठेवली तर घेणाऱ्याचे कान बधिर होतात. अँटेना न लावता तर ती चालूच करू नका.

चॅनल क्रमांक २४०० मध्ये मिळवला की मेगाहर्ट्झ मिळतात. ७६ म्हणजे २४७६. वायफायचा ११ वा चॅनल साधारण २४७३ पाशी संपतो, त्यामुळे त्याच्या वरची जागा बऱ्यापैकी शांत असते. चॅनल १०० च्या पुढे न्या, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तिथे शांतता असते खरी, पण खुला पट्टा बहुतेक देशांत २४८३.५ मेगाहर्ट्झला संपतो, म्हणजे ८३ च्या पुढे तुम्ही दुसऱ्याच्या आवारात आहात.

पाठवणारा ‘अयशस्वी’ म्हणतो आणि घेणाऱ्याकडे डेटा दिसतोय, असंही होतं. इथे डेटा गेला, पोचपावती परत आली नाही. घेणाऱ्यालाही पोचपावती पाठवताना क्षणभर प्रसारण करावं लागतं. त्याचा सप्लाय तपासा, पाठवणाऱ्याचा नव्हे.

डेटा येतो पण आकडे वेडे, आणि एका बाजूला उनो, दुसऱ्या बाजूला ईएसपी? उनोवर ‘इंट’ २ बाइटचा असतो, ईएसपीवर ४ बाइटचा. ‘डबल’ अनुक्रमे ४ आणि ८. त्यामुळे एकच स्ट्रक्चर (एकत्र पाठवायच्या आकड्यांचा गठ्ठा) दोन्हीकडे वेगळ्या लांबीचं बनतं. ज्यांच्या नावातच बिट ठरलेले असतात ते प्रकार वापरा, १६ बिट किंवा ३२ बिट इंटिजर, आणि स्ट्रक्चर ‘पॅक्ड’, म्हणजे मध्ये रिकामी जागा न सोडता, ठेवा. एका पॅकेटमध्ये ३२ बाइटच मावतात, हेही मोजून घ्या.

पायरी ८: ईएसपी आणि वायफाय

ईएसपी८२६६ आणि मूळ ईएसपी३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. राउटरचं किंवा फोनच्या हॉटस्पॉटचं जाळं ५ वर असेल तर ते त्यांना दिसणारच नाही. पासवर्ड तपासण्याआधी वायफाय स्कॅनचं उदाहरण चालवा. यादीत नाव नसेल तर पासवर्डशी झगडून उपयोग नाही. नाव आहे आणि सिग्नल उणे ५० डीबीएमच्या आसपास, तर झकास; उणे ७० चालतं; उणे ८० च्या खाली जोडणी सारखी तुटणार. बोर्डावरच्या नागमोडी अँटेनाखाली ब्रेडबोर्डाच्या धातूच्या पट्ट्या किंवा वायरींचा गुंता नको, ती कडेला मोकळी ठेवा. धातूच्या डबीत बंद केलंत तर बाहेरची अँटेना लागेल.

चालू करताना सीरियलवर कचरा दिसतो म्हणून घाबरू नका. ईएसपी८२६६ सुरुवातीचा संदेश ७४८८० च्या वेगाने छापतो. मॉनिटर त्या वेगावर ठेवला की तो वाचता येतो, आणि रीसेट का झाला ते त्यातच असतं.

सेन्सर जोडला की बोर्ड सुरूच होत नाही आणि काढला की होतो, तर तो कुठल्या पिनेवर आहे ते बघा. ईएसपी८२६६ सुरू होताना जीपीआयओ ० आणि २ ‘हाय’ (३.३ व्होल्टला) आणि १५ ‘लो’ (ग्राउंडला) असावा लागतो. नोडएमसीयूवर त्या डी३, डी४, डी८. ईएसपी३२ वर जीपीआयओ १२ असाच नाजूक आहे आणि ६ ते ११ तर फ्लॅश मेमरीच्या मालकीच्या, त्यांना हातच लावू नका.

ईएसपी-नाउ (राउटरशिवाय एका ईएसपीने दुसऱ्याशी थेट बोलणं) एकटं चालतं आणि वायफायसोबत बंद पडतं, तर दोन्ही बोर्ड एका चॅनलवर नाहीत. राउटरला जोडलेला बोर्ड राउटरचाच चॅनल घेतो, मग दुसऱ्यालाही तिथेच आणा.

पायरी ९: ब्लूटूथ आणि ४३३ मेगाहर्ट्झ, थोडक्यात

एचसी-०५ चा टीएक्स बोर्डाच्या आरएक्सला आणि आरएक्स टीएक्सला, म्हणजे वायरी आडव्या. पिन ० आणि १ वर जोडला असेल तर स्केच अपलोड होत नाही, तेवढ्यापुरता काढा. नेहमीचा वेग ९६००, पण बटण दाबून वीज देऊन कमांड मोडमध्ये गेलात की ३८४००. जोडायचा पिन बहुधा १२३४. हे जुनं क्लासिक ब्लूटूथ आहे, आयफोनला ते मिळत नाही. तिथे बीएलई (कमी वीज खाणारं नवं ब्लूटूथ) मॉड्युलच हवं.

स्वस्त ४३३ मेगाहर्ट्झच्या जोडीत घेणाऱ्या पिनेवर सतत काहीतरी येत असतं. तो बिघाड नाही, सिग्नल नसला की ते मॉड्युल आपला आवाज वाढवत जातं आणि हवेतला गोंगाट पुढे ढकलतं. डेटा ओळखण्याचं काम लायब्ररीचं. दोन्हींना १७.३ सेंटिमीटरची सरळ वायर अँटेना म्हणून सोल्डर करा, फरक लगेच दिसेल.

पायरी १०: आता कोड

इथवर सगळं बरोबर निघालं असेल तर कोडला दोष द्यायला हरकत नाही. उनोवर आधी मेमरी बघा. तिची रॅम फक्त २ किलोबाइट, आणि १२८ गुणिले ६४ चा ओलेड त्यातली १ किलोबाइट एकटा खातो. त्यात रेडिओची लायब्ररी आणि लांबलचक मजकूर आला की स्केच अपलोड होतं, पण डिस्प्ले सुरू होत नाही किंवा बोर्ड मध्येच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मजकूर ‘एफ’ मॅक्रोत गुंडाळा, म्हणजे तो फ्लॅशमध्ये राहील.

टायमरची भांडणंही असतात. रेडिओहेडची ४३३ ची लायब्ररी आणि सर्वोची लायब्ररी, उनोवर दोघींनाही टायमर १ च हवा असतो. ईएसपी८२६६ वर लांब लूप फिरवलात आणि वायफायला मध्ये श्वासच घेऊ दिला नाहीत तर वॉचडॉग, म्हणजे चिपमधला पहारेकरी, बोर्ड रीसेट करतो. लूपमध्ये ‘यील्ड’ किंवा छोटा ‘डिले’ टाका.

पायरी ११: भाग मेला हे कधी म्हणायचं?

तोच भाग दुसऱ्या बोर्डावर, दुसऱ्या वायरींनी, लायब्ररीच्या मूळ उदाहरणावर चालत नाही, आणि तसाच दुसरा भाग त्याच जागी, त्याच वायरींवर लगेच चालतो. दोन्ही झालं तरच. एकच झालं तर अजून नाही. म्हणूनच मॉड्युल घेताना एकाऐवजी दोन घ्यावीत. मेलेल्यावर मार्करने फुली मारा आणि कामाच्या डब्यातून बाहेर काढा.

टेबलावर चालतं आणि रात्रभरात बंद पडतं, असा प्रकल्प असेल तर समोर बसून राहू नका. ईएसपीच्या लायब्ररीत शेवटच्या रीसेटचं कारण सांगणारं फंक्शन असतं. ते सुरुवातीलाच छापा, दर मिनिटाला मोकळी रॅम आणि सिग्नलची ताकद छापा, आणि सीरियलचा सगळा मजकूर फाइलमध्ये साठू द्या. रॅम पायरी पायरीने उतरत गेली असेल तर कोड गळतोय. रॅम स्थिर आणि कारण ब्राउनआउट, तर सप्लाय. रीसेट झालाच नाही आणि नुसता वायफाय सुटला, तर परत जोडणी करायचा भाग कोडमध्ये लिहायचा राहिलाय.